गोडाचं कपाट

बायको शालन गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा विश्राम सावंत नव्या घरात वायरिंग करून घेत होते. या घराला बटणं नव्हती. फरशी ज्याची पावलं ओळखेल त्याचंच घर ऐकणार होतं.

तेराव्यानंतर वायरमन बाबी परत आला.

"काका, गोडाचं कपाट फक्त काकूंच्या पावलांना उघडेल. मागे एकदा येऊन त्यांनीच तसं नोंदवून घेतलंय. म्हणाल्या, ह्यांच्या शुगरचा काही भरवसा नाही."

विश्राम हसले. "जाताना पहारा बसवून गेली म्हण की."

"तुमची पावलं घालू? मग काकूंची पुसली जातील."

विश्रामांनी कपाटाच्या बंद दारावरून हात फिरवला.

"आधी बाकीचं घर कर," ते म्हणाले.

बाकीचं घर होऊन चार महिने झाले. कपाटाचं काम तेवढं राहिलं आहे.