एकशे ऐंशी ग्रॅम

“याचं वजन किती?” बाइंडरने विचारलं.

“एकशे ऐंशी ग्रॅम,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“आणि आत पुस्तकं किती मावतात?”

“तीन-चार हजार तरी.”

“ती भरल्यावर वजन?”

“तेवढंच, काका.”

बाइंडरने बायकोकडे पाहिलं. चार हजार पुस्तकं पोटात घालूनही जिचं वजन वाढत नाही, त्या वस्तूवर विश्वास कसा ठेवायचा, असं त्या बघण्यात होतं. बायको वेगळ्याच चौकशीत गुंतली होती. अक्षर मोठं किती होतं? मुलीने करून दाखवलं. बायको म्हणाली, अजून. पडद्यावर जेमतेम पंधरा शब्द उरले, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. दुखऱ्या मनगटाला एवढं मोठं अक्षर कशाला लागतं, हे बाइंडरला कळेना.

तक्रार मनगटाचीच होती. दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, जाड पुस्तक हातात धरवत नाही, आणि तेव्हापासून तिने या ई-रीडरचं टुमणं लावलं होतं. पूर्वी असा प्रश्नच नव्हता. संध्याकाळचा चहा झाला की बाइंडर मोठ्याने वाचायचा आणि ती ऐकता ऐकता दाबयंत्राचं चाक आवळायची. दिवसभर शिवलेली पुस्तकं त्या लोखंडी यंत्रात दाबून ठेवावी लागत, आणि चाकाच्या शेवटच्या दोन फेऱ्या भल्याभल्यांचा घाम काढत. मग घसा बसला म्हणून बाइंडरचं वाचन थांबलं. त्याला आठ महिने झाले. डॉक्टरचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. पुढे तिच्या मनगटाचं सुरू झालं आणि चाकही त्याच्याच गळ्यात पडलं.

“पुस्तक किती उरलंय ते यात कसं कळतं?” त्याने मुलीला विचारलं.

“खाली टक्के दिसतात ना.”

“पुस्तकात ते अंगठ्याला कळतं,” बाइंडर म्हणाला आणि बायकोकडे वळला. “मला आठ दिवस दे. याच्यापेक्षा हलकं पुस्तक करून देतो. मग तर हे नको ना?”

“नको,” बायको म्हणाली.

चाळीस वर्षं त्या घराची चूल पुस्तकांच्या बांधणीवर पेटली होती. आता घरातलीच बाई पुस्तक सोडून पाटी घेणार म्हटल्यावर त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. त्याने तिच्या आवडीची आठशे शहाण्णव पानांची कादंबरी काढली, पाठ उसवली आणि सोळा-सोळा पानांचे छप्पन्न फर्मे सुटे करून टेबलावर मांडले. आठ-आठ फर्म्यांचा एक, असे सात भाग शिवले. पातळ पुठ्ठा, वर निळं कापड. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक भाग ठेवला, तर एकही एकशे सत्तरच्या वर गेला नाही. काम करताना तो पानांकडे फारसा बघतही नव्हता. त्याच्या हातून आजवर एक फर्मा इकडचा तिकडे झाला नाही, हे तो न विचारताही सांगायचा.

बायकोने सातही भाग वाचून काढले.

“हलकं आहे ना?”

“पिसासारखं.”

“सगळं कळतंय ना?”

“कळतंय की.”

सातवा भाग संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाजारात गेली आणि मशीन घेऊन आली.

“तू शब्द दिला होतास,” बाइंडर म्हणाला.

“दिला होता,” ती म्हणाली आणि चार्जर लावायला आत गेली.

बाइंडर संतापला. आपल्या कामात असं काय कमी पडलं, ते त्याला बघायचंच होतं. त्याने तिसरा भाग उचलला, खिडकीशी बसला आणि आत चाहूल घेऊन खळीच्या डब्यामागे लपवलेलं भिंग काढलं. त्याचा घसा ठणठणीत होता. आठ महिन्यांपूर्वी अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली होती. ज्याला दिसत नाही त्याच्याकडे पुस्तकं कोण टाकणार, या भीतीने त्याने ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

भिंगाखाली दोनशे अठ्ठ्याऐंशीवं पान आलं. पुढचं पान पाचशे तेरावं होतं.

समासात बायकोच्या हातची बारीक पेन्सिल होती. ‘पुढचं पाचव्या भागात, सुरुवातीला.’ त्याने पाचवा भाग उघडला. सुरुवातीच्याच फर्म्यात दोनशे एकोणनव्वदावं पान होतं, आणि तो अख्खा फर्मा उलटा शिवलेला होता. अशा खुणा सातही भागांत होत्या. सात पुस्तकं पुढ्यात पसरून, एकातून दुसऱ्यात जात, काही पानं उलटी धरून ती कादंबरी तिने शेवटापर्यंत वाचली होती. बाहेर जाणाऱ्या पुस्तकांची पुडकी तीच बांधायची, आणि त्याआधी चुकलेले फर्मे गुपचूप उसवून पुन्हा शिवणारीही तीच असणार. आठ महिन्यांत एकही तक्रार का आली नाही, हे त्याला तेव्हा कळलं. त्याला फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही काहीतरी जास्त वाटलं.

बायको बाहेर आली. तिने भिंग पाहिलं, पाचवा भाग पाहिला आणि मशीन त्याच्या हातात दिलं. कादंबरी तीच होती. अक्षरं तिने आधीच मोठी करून ठेवली होती.

“मनगट फार दुखतंय,” ती म्हणाली. “तुम्हीच वाचा. घसा बरा असेल तर.”

बाइंडर खाकरला.

“आज जरा बरा वाटतोय,” तो म्हणाला.

पडद्यावर पंधरा शब्द होते. त्याने ते न अडखळता वाचले, पान पुढे सरकवलं आणि आणखी पंधरा वाचले. बायको उठून दाबयंत्रापाशी गेली आणि चाकाच्या शेवटच्या दोन फेऱ्या तिने एका हाताने आवळल्या.