सीरियातल्या कुंभाराचा अंगठा

क्ष-किरण यंत्राने मातीच्या दोन सीरियन दिव्यांच्या आतले ठसे पडद्यावर आणले, तशी संग्रहालयातली संशोधक उल्का ताम्हणे ताडकन उठली. एका दिव्यावर क्रूस होता, दुसऱ्यावर अरबी अक्षरं. चौदाशे वर्षांपूर्वी मातीचे दोन भाग जोडताना कुंभाराने आतून अंगठा दाबला होता. दोन्हीकडे एकच अंगठा!

"यंत्र बिघडलंय असं लिहा," संग्रहालयाचे संचालक बर्वे म्हणाले. "अरबांच्या स्वारीवरच्या दालनाचं नाव 'विध्वंस' ठरलंय. उद्या उद्घाटन आहे."

"आधी नीट बघा, सर! क्रूसाच्या दिव्यात अंगठ्यावरची जखम ताजी आहे. दुसऱ्यात तिचा नुसता वण राहिलाय. ख्रिस्ती राज्य जाऊन मुसलमानी राज्य आलं, तेव्हा या माणसाचं काय झालं, तेही लिहू? त्याचा कापलेला अंगठा बरा झाला!"