परतीचं प्रकरण

नूतनची कादंबरी रोज एकेक पान पुढे सरकायची, आणि अंगणात मिरच्यांचे देठ खुडता-खुडता ते ऐकायचा मान सासूबाईंचा, तापीबाईंचा. त्यांचा हिशेब चोख: “आज अर्धंच? बाकीनं कोनी खादं?” घर सोडून गेलेली नायिका शेवटी सासरी परतणार, हे नूतननं आराखड्यातच पक्कं केलं होतं, शेवट गोड असला की सासूबाई रुसणार नाहीत, हा तिचा धोरणीपणा. आज शेवटचं पान वाचून झालं. तापीबाईंच्या चिमटीतली मिरची तशीच राहिली. “काबर उनी ती परत?” त्यांनी नायिकेच्या येण्याचं कारण विचारलं. “तिनं घर शे ना, माय,” घर तिचंच आहे, असं नूतननं समजावलं. “मी बी उनू परत, पोरंसकरता. तिले त पोरंबी नहीत.” नूतननं ते पान पुन्हा उघडलं. “हाई पान फाड,” म्हणत, सून आल्यापासून चुलीकडे न फिरकलेल्या तापीबाई पदर खोचून उठल्या. “ती कोठे जास ते लिख. आज सयपाक मी करसू.”