उजव्या अंगाचा खड्डा

धरणाचं मॉडेल मोडायला दोघे गडी पहारी घेऊन आले, तेव्हा बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. कुठून सुरुवात करू, असं त्यांच्यातल्या एकाने विचारलं. कुठूनही करा, असं बाईंनी हातानेच सांगितलं.

पत्र्याच्या उंच शेडमध्ये ते धरण छातीइतकं उभं होतं. मागे तलाव, पुढे नदी, नदीच्या काठाने लाकडी ठोकळ्यांचं गाव. पंप सुरू केला की खरी नदी वागेल तशी ही वागायची. नव्याने आलेल्यांना बाई सांगायच्या, धरण लहान करता येतं, नदी लहान करता येते. गुरुत्वाकर्षण तेवढं लहान करता येत नाही. म्हणून मॉडेलमधला पूर घाईत असतो, आणि त्या घाईवरून खऱ्या पुराचा अंदाज बांधावा लागतो.

तो अंदाज बांधता बांधता बाईंचे केस पांढरे झाले होते.

सगळे दरवाजे एकदम उघडले की पाणी धरणाच्या पाठीवरून घसरायचं, पायथ्याशी आपटायचं आणि उजव्या अंगाला तळ उकरायला लागायचं. दर वेळी तिथेच. खड्डा वाढत वाढत धरणाच्या पायाखाली शिरायचा. बाईंनी तळाची खडी बदलून पाहिली, पंप तपासून घेतला, स्वतःवरच संशय घेतला. खड्डा काही हटेना.

त्यांनी अहवाल दिला. तो गेला मोठ्या साहेबांकडे, आणि धरणाचा आराखडा साहेबांचाच. अहवाल परत आला. बाईंनी पुन्हा पाठवला. तो पुन्हा परत आला. शेवटी बैठक बसली, तेव्हा भरल्या टेबलावर साहेबांनी त्यांना विचारलं, "खड्डा नक्की कुठं पडणार, बाई? किती लांब, किती खोल? सगळं नीट सांगा, म्हणजे आम्हाला पडायला सोपं."

सगळे हसले. बाईंनी मापं सांगितली. साहेबांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि अहवाल निकालात काढला. त्या दिवसापासून कचेरीत बाईंचं नाव प्रलयबाई पडलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाईंनी खऱ्या धरणाच्या पायथ्याचा खडक प्रत्यक्ष बघायची परवानगी मागितली. तीही नाकारली गेली. खाली रस्त्याची डागडुजी चालू आहे, ट्रकांची ये-जा आहे, कुणाला सोडता येणार नाही, असा निरोप आला. बाई काय समजायचं ते समजल्या.

कचेरीत कुणी ऐकेना, म्हणून त्या बहिणीकडे गेल्या. ताईचं घर नदीकाठी, घराखालीच भावजींचं शिलाईचं दुकान. इथे राहू नका, असं बाईंनी हात जोडून सांगितलं. भावजी कुरकुरले, पण ताईने धाकट्या बहिणीचा शब्द खाली पडू दिला नाही. घरदार विकून मंडळी टेकडीवरच्या दोन खोल्यांत गेली. भावजी दुसऱ्याच्या दुकानात मशीनवर बसायला लागले.

यंदा तो पूर आला. म्हाताऱ्यांच्याही आठवणीत नव्हता असा. सगळे दरवाजे उघडावे लागले. बाई फोनशेजारी बसून राहिल्या.

धरणाला काही झालं नाही. नदीकाठच्या पायऱ्या तेवढ्या बुडाल्या आणि लोक पुलावर उभे राहून पाणी बघून गेले. बाईंना आधी हायसं वाटलं. मग ताईचा फोन आला. भावजींच्या जुन्या दुकानात आता दुसरा शिंपी बसतो, त्याची एक चिंधीही भिजली नव्हती.

"तुझ्या खेळातल्या पाण्यापायी आमचं खरं घर गेलं गं," ताई म्हणाली. तिने आवाजही चढवला नाही. त्यानंतर तिने फोन उचलायचं सोडलं.

मग साहेबांची सही असलेला हुकूम आला. मॉडेलचं काम संपलं, जागा मोकळी करावी. बाईंनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. राग नव्हताच. पाय दुखून आल्यावर माणूस खाली बसतो, तसं ते होतं.

गड्यांनी लाकडी गाव उचलून पाटीत भरलं. वरचा तलाव फोडला. पहारी धरणापाशी आल्या, तेवढ्यात मोठे साहेब स्वतःच शेडमध्ये शिरले. पुराच्या दिवसांत ते धरणावरच मुक्कामाला होते म्हणे. चेहरा पार उतरला होता.

बाई पुढे झाल्या. मनाशी घोकून ठेवलेलं त्यांनी एका दमात बोलून टाकलं. साहेब, माझं चुकलं. मी लोकांना उगाच भेडसावलं, तुमच्या कामावर शिंतोडे उडवले. माझ्या सख्ख्या बहिणीचा संसार मी उठवला. कशाच्या जोरावर, तर या खडीच्या.

ऐकून झाल्यावर साहेब गड्यांकडे वळले. उजव्या अंगाचा पायथा राहू द्या, म्हणाले, आणि जा, चहा घेऊन या. गडी पहारी भिंतीला टेकवून निघून गेले. साहेब कठड्यावरून वाकून त्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

"राजीनामा मागं घ्या," ते म्हणाले.

"आता कशाला, साहेब?"

साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं.

"तुम्ही सांगितलेल्या मापानं रस्त्याच्या डागडुजीच्या त्या उन्हाळ्यात आम्ही तिथं काँक्रीट भरलं होतं, बाई. या पुरानं त्यातलं अर्ध्याहून जास्त खाल्लंय. आता किती जाड भरू, ते मला सांगा. तोंडीच."