कणकण

मे महिन्यातल्या भर दुपारी अण्णा गळ्यापर्यंत गोधडी ओढून टीव्ही बघत पडले होते. एसी सोळावर होता. थंडी वाजली तर गोधडी घ्यायची, पण सोळाचे सतरा करायचे नाहीत, हा त्यांचा शिरस्ता.

दार ढकलून लेक आत आला. रजेवर, न कळवता, खांद्यावर लष्करी सॅक. गोधडी बघून तो चरकला. "अण्णा, ताप आलाय?" त्यानं कपाळावर हात ठेवला. दोन बोटांची टोकं काळी पडली होती.

"जरा कणकण आहे," अण्णा बोलून गेले. "बोटांना काय झालं?"

"थंडीनं. गेल्या उन्हाळ्यात वर बर्फ भलतंच वितळलं, पूल वाहून गेला. हिवाळ्याचं इंधन चौकीपर्यंत पोचलंच नाही. होतं तेवढं रडारच्या जनरेटरला राखलं. ते बंद पडलं तर पलीकडून कोण येतंय ते कळणार कसं? मग शेगड्या विझवल्या."

तो पाणी आणायला आत गेला. 'आपलं पोरगं सीमेवर आहे' असं चौकात रोज सांगणाऱ्या अण्णांनी गोधडीच्या कडेनं रिमोटचं टोक बाहेर काढलं आणि एसी बंद केला.

खोली तापत गेली. गोधडी दूर सारायचा मात्र त्यांना धीर होईना. लेकानं ती त्यांच्या पायांभोवती नीट खोचली, त्याच बोटांनी त्यांचं कपाळ पुसलं.

"घाम सुटला, अण्णा," तो समाधानानं म्हणाला. "उतरतोय ताप."