मत्तीचं कालवण

“मत्ती संपली,” धनलक्ष्मी मान वर न करताच म्हणाली. मग तिनं वर पाहिलं आणि मासळीची पाटी धुणारा तिचा हात थांबला.

समोर हनुमंतराव उभे होते. गोविंदपुरमला विठ्ठलापुढे भजन म्हणणारे, आणि मासळीबाजारावरून जायची वेळ आली की नाकाला उपरणं लावून पलीकडच्या कडेनं चालणारे हनुमंतराव. आज पाय अनवाणी, कपाळ कोरडं, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. ओळखू येऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला असावा, असं तिला वाटलं.

“थोडी तरी असेल,” ते तमिळमध्ये म्हणाले. “रम्यासाठी हवी होती.”

धनलक्ष्मीच्या चेहऱ्यावर हसू आलं. ही त्यांची नागपट्टणमची सून. मुलानं, विश्वेशनं, प्रेमानं करून आणलेली, कोळ्यांची पोर. बाजारातून जाताना तिच्या पाटीपाशी रेंगाळायची. घ्यायची मात्र काही नाही.

“डोहाळे लागलेत वाटतं?”

“सातवा लागला तेव्हापासून मागत होती.”

त्यांना ती दुपार आठवली. रम्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलुखात राहिलेल्या त्यांच्या घरची जुनी मराठी जिभेवर जपून ठेवत म्हणाली होती, “मामा, मज मत्ती खावीसी वाटते. थोडीच. मागच्या अंगणांत करून खाईन.” रक्त कमी आहे, चालत असेल तर मत्ती खा, असं डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं. मत्ती म्हणजे तारली; स्वस्त मासळी, पण अंगी लागते.

“ह्या घरांत तें नांवही घ्यायाचें नाही,” ते म्हणाले होते, आणि खजुराचा पुडा तिच्यापुढे ठेवला होता. तिनं मुकाट्यानं खजूर खाल्ले होते. त्या आठवणीनं त्यांना आता स्वतःचीच किळस आली.

“उद्या या, रायर,” ती आदरानं म्हणाली. “बर्फातली ताजी काढून ठेवते.”

“उद्या नको. आज दुपारच्या आतच हवी. सकाळपासून पान वाढलंय. दहीभात, वडे, खीर, सगळं तसंच पडलंय. सगळे ताटकळलेत.”

“हट्टीच आहे पोर,” धनलक्ष्मी कौतुकानं म्हणाली. तिनं मागे वळून स्वतःचा जेवणाचा डबा उघडला. चिंचेच्या कोळातलं लाल कालवण, वर तेलाचा तवंग, त्यात चार मत्त्या. “माझं हेच घेऊन जा. एवढीशी मासळी, पण ताकदीत मोठ्या माशांना हार जात नाही. बाळाच्या हाडांना चांगली.”

ती डबा त्यांच्या हातात द्यायला पुढे झाली, तसे ते चटकन मागे सरले.

“खाली ठेव. मला शिवू नकोस.”

तिचा चेहरा पडला. मासे चालतात, माझा हात चालत नाही, असं तिच्या मनात आलं. डबा फरशीवर ठेवला आणि पुन्हा पाटी धुवायला लागली. का शिवायचं नाही, ते न सांगताच डबा उचलून ते भराभर नदीवर, मेलकावेरीकडे निघाले. ऊन चढलं होतं, पाय भाजत होते.

नदीकाठी सगळे होते तिथेच होते. शिवकामीबाईंनी नवऱ्याच्या हातातला डबा पाहिला, वासही आला असणार. आयुष्यभर सोवळं सांभाळलेली ती बाई बाजूला सरकली. विश्वेशनं मान वर केली नाही. हनुमंतरावांनी डबा उघडला आणि आपल्या हातांनी एक मत्ती पानावर वाढली.

“घे बाई,” ते म्हणाले. “चुकलो मी.”

भटजींनी तोंड नदीकडे फिरवलं, आणि सकाळपासून झाडावर नुसता बसून राहिलेला कावळा खाली उतरून पिंडाला शिवला.