आईच्या खात्यावरून

आपली बालवाडीतली नोकरी गेल्याचं कळलं, त्याच दुपारी मुलीने वडिलांना, म्हणजे चष्मेवाल्याला, दुकान बंद करायला लावलं आणि आपल्या ट्रेनिंग कॉलेजात आणून बसवलं. तिथल्या समुपदेशक बाई मुलामुलींना नोकरीआधी सोशल मीडियावरची खाती नीटनेटकी करून द्यायच्या. कुणाचे पार्टीतले फोटो, कुणाच्या शिव्या, सगळं पाहून त्या सरावल्या होत्या. हे प्रकरण मात्र नवीनच होतं.

"मुख्याध्यापिकांनी सरळ लिहिलंय," बाई म्हणाल्या. "एका पालकाची तक्रार आहे. ही मुलगी वारलेल्या आईच्या खात्यावरून स्वतःच्याच फोटोंखाली कमेंट करते, लोकांची सहानुभूती मिळवायला."

"ती कुठे करते? मी करतो," चष्मेवाला म्हणाला.

"ते कळलं काका. पण का?"

"फोन बायकोचाच आहे. माझा आपला बटणांचा. तिच्या फोनवर हिचे फोटो येत राहतात. फोटो आला की काहीतरी लिहायला नको?"

"तुम्ही लिहिता ते त्यांच्या नावाने जातं."

"जाऊ दे की. जगाचं काय अडलंय?"

"जगाचं नाही अडलेलं. हिचं अडलंय."

बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. मुलीच्या नव्या हेअरकटखाली लिहिलं होतं, 'बरं केलंस. मोरी तुंबायची.' मुलांबरोबरच्या गाण्याखाली, 'आवाज बसलाय. गरम पाणी पी.' हॉस्टेलच्या खोलीतल्या फोटोखाली, 'मागचा पंखा कधी पुसणार?'

"अगदी आईसारखं लिहिता हो."

"तेवीस वर्षं ऐकलंय."

"शंभरदा सांगितलं यांना, स्वतःचं खातं काढा म्हणून," मुलगी म्हणाली.

"त्याला फोटो लागतो म्हणालीस. माझा एकट्याचा एकही नाही."

मुलीने कपाळाला हात लावला.

बाईंनी एक पत्र टाइप करून ठेवलं होतं. 'पत्नीच्या निधनानंतरच्या सर्व कमेंट मी लिहिल्या आहेत. त्याआधीच्या सर्व तिच्या आहेत.' नंतरच्या सगळ्या कमेंट पुसून, सही केलेलं हे पत्र आज पोचलं, तर मुलीला सोमवारी परत घ्यायला मुख्याध्यापिका तयार होत्या. पुसायला पाऊण तास गेला. प्रत्येक वेळी फोन विचारायचा, नक्की पुसायचं का, आणि प्रत्येक वेळी चष्मेवाला पुटपुटायचा, "एकदा सांगितलं ना बाबा तुला."

"झालं एकदाचं. करा सही," बाई म्हणाल्या.

त्याने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. पेन खाली ठेवलं.

"यातलं दुसरं वाक्य खोटं आहे."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. "आता काय राहिलं?"

"ती हॉस्पिटलात होती ते तीन आठवडे. तेव्हाच्याही मी लिहिल्यात. तिला बोलायची ताकद नसायची. ही हॉस्टेलात, परीक्षा तोंडावर. आईची कमेंट आली नसती तर ही सगळं टाकून धावत आली असती."



"काका, कोण येणार आहे तपासायला? करून टाका सही."

"कशी करू? मला माहितीये ना."

मुलीने फोन ओढून घेतला. "तीन आठवड्यांत सहा आहेत. एकेक वाचते. फक्त कोणाची ते सांगा. 'मैत्रिणीचा स्वेटर धुऊन परत कर.'"

"माझी."

"'पेपर झाला ना? आता त्याचा विचार नको. झोप.'"

"माझी."

"'मी बरी आहे. इथलं जेवण तुमच्या मेसपेक्षा चांगलं आहे.'"

त्याने घसा साफ केला. "माझी."

पुढच्या दोन तिने भराभर वाचल्या. त्याही त्याच्याच होत्या.

सहावी तिने मोठ्याने वाचली नाही. कुठली ते चष्मेवाल्याला न बघताच ठाऊक होतं. शेवटच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी वर्गात काढलेल्या फोटोखालची. 'वर्गात शोभतेस. पोरं रडली तर रागावू नकोस. त्यांच्याजवळ जमिनीवर बस.' मुलाखतीला जाताना मुलगी ती मनातल्या मनात म्हणत गेली होती. तिनेच त्याला सांगितलं होतं.

"ही नाही विचारत," मुलगी म्हणाली.

"ही तिची आहे."

"हो बाबा."

"अगं, खरंच. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून बोलली. मी नुसतं 'जवळ बस' लिहिलं होतं, तर तिने 'जमिनीवर' घालायला लावलं. अर्धा तास लागला आम्हाला."

"हो बाबा. मी कुठे नाही म्हणतेय?"

तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. चष्मेवाल्याला तो आवाज ओळखीचा होता. हॉस्पिटलात तो बायकोला म्हणायचा, दोन दिवसांत घरी सोडतील बघ, तेव्हा तीही असंच हो म्हणायची.

"विचार ना मग काय विचारायचंय ते," तो चिडून म्हणाला. "पाच खऱ्या सांगितल्या, मग सहावी कशाला खोटी सांगू?"

मुलीने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

बाईंनी पाच कमेंट पुसल्या आणि पत्रात 'पत्नीच्या निधनानंतरच्या'च्या जागी 'पत्नी हॉस्पिटलात दाखल झाल्यापासूनच्या' असं घातलं. सहावीपाशी त्या थांबल्या. "हीसुद्धा काढायची का? म्हणजे पत्र सुटसुटीत होईल."

"राहू द्या," मुलगी हळूच म्हणाली. "बाबांना बरं वाटेल."

बाईंनी 'एक वगळून' असं टाइप केलं. चष्मेवाल्याने सही केली. पत्र गेलं, आणि सोमवारी मुलगी कामावर रुजू झाली.

ती ओळ तिच्या आईचीच आहे. मुलीला ते पटायचं अजून राहिलं आहे.